बिनहिटरची गाडी

चैत्र सरत आला की नशिराबादच्या आमच्या घराच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. कुरडया दुपारच्या आत कडक होतात. कूलरचा वाळा भिजवला तरी तासाभरात कोरडा पडतो. केळीच्या बागांच्या कडेची पानं भाजल्यासारखी काळी पडतात आणि सकाळी आठलाच ऊन मी म्हणायला लागतं. महामार्गाच्या कडेला डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, ढीग लागतात, कुंभाराच्या दारात कोऱ्या घागरींच्या उतरंडी दिसतात आणि गावातल्या सुना एकमेकींना विचारू लागतात, ‘तुला न्यायला कोण येणार?’ मग समजायचं, आखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्राने त्या दिवशी सोनं घ्यावं, आमची काही हरकत नाही. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो, आणि सकाळी पितरांच्या नावाने कोरी घागर भरून तिच्यावर डांगर ठेवतात. लेक मात्र आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणजे भाऊ. भाऊ नसला तर भाचा, पुतण्या, कुणीही, पण पुरुष. असं आपलं सगळे म्हणतात. मी एक वर्षी ते ऐकलं नाही. दरसाल हे ऊन आलं की मला तो न ऐकलेला उन्हाळा आठवतो, आणि खरं सांगते, अजून बरं वाटतं.

त्या गोष्टीत एक हिटर आहे. जळगावात गाडीला हिटर असतो हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. आबांच्या गाडीला होता.

आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर सरळ रेषेत चाललेला माणूस. कापसाचं बियाणं विकलं, कुणाशी भांडले नाहीत, मुलगी एकच झाली म्हणून कधी सुस्कारा टाकला नाही, आणि तिने लग्न करायचं नाही म्हटल्यावर ‘बरं’ एवढंच म्हणाले. एकच वेडेपणा त्यांनी केला. पन्नाशीत एक जुनी, लाल, दोन दारांची, परदेशी बनावटीची गाडी घेतली. आपल्याकडे तशा फार थोड्याच विकल्या गेल्या होत्या. ती पळायची काय! ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की पाठ सीटला चिकटायची. आणि तिचा आवाज! ती महामार्गावरून गावात वळली की आई कणीक मळता मळता म्हणायची, ‘आले तुझे आबा. आता गावालाही कळलं.’

या गाडीतून ते दर आखाजीला शिंदखेड्याला जायचे, त्यांच्या बहिणीला आणायला. ती माझी आत्या. आम्ही आत्याला फुई म्हणतो. नशिराबादची पोर शिंदखेड्यात दिली, आणि पन्नास वर्षांत तिची बोली पार तिकडची झाली. पण तिचं आखाजीचं माहेरपण कधी चुकलं नाही.

मे महिन्यातल्या त्या परतीच्या वाटेवर मी लहानपणी मागच्या सीटवर असायची. गाडी जुनी, इंजिन तापट, एसी केव्हाच गेलेला. पारोळ्याच्या अलीकडे काटा वर चढू लागला की आबा शांतपणे हिटर पूर्ण सोडायचे. इंजिनातलं उकळतं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत खेळवायचं, त्यातली उष्णता आपल्या अंगावर घ्यायची आणि इंजिनाला वाचवायचं, असा तो हिशेब. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत भट्टी, खिडक्या सताड उघड्या. फुईच्या डोक्यावर ओला पंचा आणि पदराच्या गाठीत लू लागू नये म्हणून कांदा. ती हसून हसून लाल व्हायची आणि म्हणायची, ‘भाऊ, तू माले माहेरले लई जाई राहिना का भाजी राहिना?’ म्हणजे, माहेरी नेतोयस की भाजतोयस? आबा म्हणायचे, ‘गाडी वाचली तर माहेर वाचलं.’ दोघं भावंडं घामाने निथळत हसत असायची. तसं हसणं मी पुढे फारसं कुणाचं ऐकलं नाही.

आबा गेले. पुढची आखाजी दुखवट्यात गेली. त्याच्या पुढच्या वर्षी फुईला न्यायला कुणी गेलं नाही. फुईच्या मुलांनी दोनदा म्हटलं, आई, आम्ही सोडून येतो. ती नाही म्हणाली. पोराने नेऊन सोडायचं, ते माहेर कसलं? मुराळी येईल तेव्हा येईन. नाहीतर समजेन की भावाबरोबर माहेरही गेलं. हे तिने मला फोनवर अगदी सपाट आवाजात सांगितलं, पीठ संपलं सांगावं तसं. तिला तेव्हा पंच्याहत्तरी उलटून गेली होती. मी फोन ठेवला आणि ठरवलं की या आखाजीला मी जाणार.

नशिराबादच्या घरात माझा चुलतभाऊ राहतो, मधूभाऊ. माणूस वाईट नाही. केळी चांगली काढतो, शब्दाला पक्का आहे, आणि रीत म्हटली की बैलासारखा पाय रोवतो. मी जळगावात शाळेत भूगोल शिकवते. रविवारी घरी गेले आणि सांगितलं. तो ओट्यावर बसून ठिबक सिंचनाच्या पाईपाला भोकं पाडत होता. मान वर न करता म्हणाला, ‘तुले समजतं का काही? पोरगी कधी मुराळी जाते का? लोकं काय म्हनतीन?’

‘मग तू चल.’

‘माह्या केळीवर पानी सुटलं आहे. अन् फुई आबांची सख्खी बहीन, माह्या बापाची चुलत. आबांले पोरगा असता तर गेला असता.’

आबांना पोरगा नाही, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. दर वेळी कुणाच्या तरी दुसऱ्याच कामासाठी ते बाहेर निघतं. मी म्हटलं, ‘आबांना मी आहे. गाडीची चावी दे.’

गाडी खळ्यात पत्र्याखाली उभी होती. मधूभाऊने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं, हे त्याने तेव्हाच सांगितलं. म्हणाला, ‘चालली तर ने. आखाजीनंतर भंगारात.’ चालली. नवीन बॅटरी घातली, चार वेळा खोकली आणि चालली. पण दहा मिनिटांत आत गोडसर वास सुटला, काचेवर आतून धुकं धरलं, आणि डाव्या सीटच्या पायाशी हिरवं गरम पाणी टपकू लागलं. फुईचे पाय जिथे यायचे, बरोबर तिथे. डॅशबोर्डमागची हिटरची जाळी फुटली होती.

जळगावात आबांच्या ओळखीचे रफिकभाई गॅरेज चालवतात. लग्नसराईत त्यांच्या दारात गाड्यांची रांग. त्यांनी वास घेतला, खाली हात फिरवला आणि म्हणाले, ‘दीदी, ये जाली अब मिलती नहीं. पूरा डॅशबोर्ड खोलना पड़ेगा. आखाजी के बाद लाओ.’ मी म्हटलं, आखाजीनंतर भंगारवाला येतोय. ते हसले. ‘तो बायपास मार दो. जलगाँव में हीटर किसको होना? दोनों पाईप निकालो, आपस में जोड़ दो, पानी अंदर जाएगा ही नहीं.’ कशाने जोडू, विचारलं, तर म्हणाले, ‘कुछ भी जोड़ दो. टेम्परवारी है.’

म्हणजे आबांचा हिटर मलाच तोडायचा होता. त्या रात्री मला वाईट वाटलं, लपवत नाही. त्यांच्या त्या एका युक्तीवर आमची सगळी उन्हाळी आठवण उभी होती. पण फुईच्या पायावर उकळतं पाणी सांडण्यासाठी आठवण जपायची नसते. सकाळी बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या पत्र्यातून दोन रबरी पाईप आत जातात. क्लिपा सैल केल्या, पाईप उपटले, हिरवं पाणी मातीत गेलं. आता जोड हवा. आणि जळगावच्या माणसाला जोड हवा असला की त्याचा हात आपोआप कुठे जातो? ठिबकच्या पोत्यात. आमच्याकडे ठिबकच्या नळीने माणसं काय करत नाहीत? कपडे वाळत घालतात, झोके बांधतात, खिडकीला पडदे लावतात, तुटलेला चष्मासुद्धा सांधतात. मधूभाऊच्या पोत्यातला काळा प्लॅस्टिकचा जोड मी उचलला. तो दोन्ही पाईपांत असा चपखल बसला की मला माझाच अभिमान वाटला. क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, तासभर इंजिन चालवलं. थेंब नाही. मधूभाऊनेही वाकून पाहिलं आणि ‘हं’ म्हणाला. त्याच्याकडून ती शाबासकीच.

निघाले तेव्हा गावातल्या चार जणांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, ‘मुराळी चालले.’ एकजण हसला. मी दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्तच आवाज केला.

जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे. सोनगीरला भांड्यांच्या दुकानांतली पितळ उन्हात डोळ्यांवर येत होती. काटा अर्ध्यावर. शिंदखेड्यात फुईच्या गल्लीत वळले आणि बघते तर गल्लीतल्या बायका दारात. त्यांनी आवाज ओळखला होता. फुई उंबऱ्याच्या आत उभी, नवं लुगडं, हातात पिशवी. ती आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत राहिली. शेजारणीने विचारलं, ‘मुराळी कोठे शे?’

‘मी आहे,’ मी म्हटलं.

फुईने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग शेजारणीला म्हणाली, ‘दखी ले. मना भाऊनी आंडेर शे. हाईच मनी मुराळी.’ आंडेर म्हणजे लेक. तिने मला चौरंगावर बसवलं, पाय धुतले, टॉवेल-टोपी द्यायची रीत, तर तिने टोपी खरंच माझ्या डोक्यावर ठेवली. बायका हसल्या. मी ती काढली नाही. मला कधी कुणी मुराळी आलं नव्हतं, कारण मी कुठे गेलेच नव्हते. पण त्या टोपीखाली मला माझं माहेरही मिळालं, सासरही मिळालं, असं काहीतरी वाटलं आणि डोळे भरून आले.

जेवणं झाल्यावर फुईच्या मुलाने सांगितलं, ऊन उतरू द्या. फुई म्हणाली, भाऊ दुपारीच निघत होता, दुपारीच निघायचं. मग ती आतून एक कोरी घागर घेऊन आली, पाण्याने भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली. ही आबांची. लग्न झालेल्या बाईने सासरच्या पितरांची घागर भरायची, माहेरच्या माणसाची नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तिने शिंदखेड्याच्या कुंभाराकडून स्वतः निवडून आणली होती. कोरी घागर रिकामी न्यायची नाही म्हणून भरली, आणि मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. तिच्या मुलाने गाडीचं दार हळूच लावलं.

धुळं मागे पडलं. डांबर चकाकत होतं, समोरचा ट्रक हवेत तरंगल्यासारखा दिसत होता. फुई आबांच्या गोष्टी सांगत होती. काटा अर्ध्याच्या वर सरकला. तिने तो पाहिला, बोलता बोलता हात पुढे केला आणि सवयीने हिटरचा खटका पूर्ण फिरवला. आतून ओळखीची गरम झळ आलीच नाही.

‘हाऊ कसा थंडा शे?’

मी तिला सांगितलं, हिटर तोडलाय. ती खटक्यावर हात तसाच ठेवून बसली. मला आबांचं काहीतरी त्यांना न विचारता टाकून दिल्यासारखं झालं. आणि पारोळ्याच्या अलीकडे बॉनेटखालून फस्सकन् आवाज आला, काच पांढरी झाली. मी गाडी एका निंबाखाली घेतली आणि बंद केली.

वाफ ओसरल्यावर पाहिलं. ठिबकचा जोड लोण्यासारखा मऊ होऊन दुमडला होता आणि पाईप सुटून लोंबत होता. गार पाण्यासाठी केलेली वस्तू, तिच्यातून मी तासन्तास उकळतं पाणी नेलं होतं. खानदेशी डोकं, दुसरं काय! आजूबाजूला कापसाची मोकळी काळी रानं, एक कुत्रं, आणि डोक्यावर ऊन. मधूभाऊला फोन केला असता तर तो आला असता, हे मला माहीत होतं. येऊन काय म्हणाला असता तेही माहीत होतं. फोन पर्समध्येच ठेवला.

इंजिन गार होईतो मी त्या पाईपांकडे बघत बसले. जोड हवाच कशाला? एक पाईप अख्खा काढून टाकला. दुसरा लांब होता, तो वाकवला आणि इंजिनाच्या एका तोटीवरून सरळ दुसऱ्या तोटीवर चढवला. हात भाजले, नखं काळी झाली, पण बसला. क्लिपा आवळल्या. आता पाणी. माझी बाटली कधीच संपली होती.

फुईने घागरीचं फडकं सोडलं.

‘फुई, ती आबांची घागर आहे.’

‘शे ना. भाऊनी घागर शे, गाडी बी भाऊनीच शे. भाऊनी गाडीले तहान लागनी. टाक पाणी.’

‘मधूभाऊ म्हणेल, रीत मोडली.’

‘मोडू दे. रित आपलासाठे शे, आपन रितसाठे नही.’

ती घागर तिरपी धरत होती आणि मी हातांची पन्हळ करून पाणी आत सोडत होते. हवेचे बुडबुडे वर येत होते, ती पुन्हा ओतत होती. तिचे ओठ हलत होते. आगारी टाकताना, म्हणजे पितरांचा घास विस्तवात सोडताना, घरातली माणसं जसं नाव घेतात, तसं ती आबांचं नाव घेत होती. तळाशी दोन ओंजळी पाणी राहिलं, त्यातली एक ती प्यायली, एक मला दिली. मग तिने पदरातला कांदा काढून माझ्या ओढणीत बांधला. गाडी सुरू झाली. काटा अर्ध्यावर आला आणि नशिराबादपर्यंत तिथून हलला नाही.

घरी पोचलो तेव्हा मधूभाऊ दारातच होता. त्याने फुईच्या पायाला हात लावला, मग घागरीत डोकावला. ‘घागर रिकामी?’ मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पितरांची घागर गाडीत ओतली, ही आता चालायची नाही, असं काहीसं तो पुटपुटला.

फुई म्हणाली, ‘घागर रिती नही शे, मधू. मना भाऊनी पाणी पी लिधं. तू गया का त्याले पाजाले?’

मधूभाऊने घागर उचलून आत नेली. त्या आखाजीला फुई झोक्यावर बसली, पंच्याहत्तरी पार केलेली बाई, आणि आम्ही तिला ढकललं. भंगारवाला आला आणि दारातूनच परत गेला, कारण ओट्यावर फुई बसली होती.

त्यानंतरच्या प्रत्येक आखाजीला मी शिंदखेड्याला गेले. पुढे हिवाळ्यात ती फुटकी जाळी डॅशबोर्ड उघडून काढूनच टाकली. धुळ्याकडे थंडी कडाक्याची पडते, काच पुसत पुसत जावं लागतं, पाय बधिर होतात. होऊ देत. जाळीच्या रिकाम्या जागेत मी कांदा ठेवते. लोक अजून विचारतात, मुराळी बाई कशी? मी म्हणते, चांगली. टोपीही आहे.

या माघात फुई गेली. शिंदखेड्याला आता मला बोलावणारं कुणी उरलं नाही. गच्चीवर कुरडया वाळू लागल्या, डांगरं आली आणि मी यंदा गाडीवरचं फडकं काढलं नाही. बळच नव्हतं. पण परवा मधूभाऊच्या लेकीचा, रूपाचा, चाळीसगावहून, तिच्या सासरहून फोन आला. तिची फुई मी. भाऊ पुण्याला, त्याला रजा नाही, म्हणून बाबा भाड्याची गाडी पाठवताहेत म्हणाली. ‘फुई, भाड्याची गाडी म्हणजे मुराळी का गं? तू ये. लाल गाडी घेऊन ये. मी बाबांना सांगून टाकलंय.’

मी आज सकाळी खळ्यात गेले तर फडकं आधीच कुणीतरी काढलं होतं. काचा पुसलेल्या होत्या. मधूभाऊ बॉनेट उघडून उभा होता, आणि इंजिनावरच्या त्या वाकवलेल्या पाईपाला बोट लावून बघत होता.

‘चाळीसगावले जाईन का ही?’

‘जाईल.’

तो आत गेला आणि घागर घेऊन आला. कोरी, काठोकाठ भरलेली, तोंडाला फडकं बांधलेली. डाव्या सीटवर ठेवली, हलू नये म्हणून बाजूला माझी ओढणी कोंबली. परक्या घरी दिलेल्या लेकीची घागर माहेरी कुणी भरत नाही, हे मीच त्याला सांगायला हवं होतं का?

‘फुईची आहे,’ तो म्हणाला. ‘वाटेत गाडीले लागली तर टाकजो.’

मी घागरीला सीटचा पट्टा लावला, टोपी डोक्यावर चढवली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी गाडी सुरू केली.